टायफॉइडच्या कागदावर जंतूचे नाव कुठे आहे?



"मागल्या पावसात टायफॉइड झाला होता" हे वाक्य ज्या घरात कधी ऐकू आले नाही, असे घर आपल्याकडे सापडणे कठीण. मुंबईची चाळ असो, कळवा-मुंब्र्याची झोपडपट्टी असो की गुहागर-चिपळूणची वाडी असो, गोष्ट एकच. ताप आला, आठ दिवस हटला नाही, रक्त तपासले, टायफॉइड निघाला, सलाईन लावले, गोळ्या घेतल्या, बरे वाटले. तो खरोखर टायफॉइडच होता का, आणि होता तर कोणत्या औषधाला दाद देणारा होता, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. या आठवड्यात आम्ही त्यावरच लिहिणार आहोत. विषय थोडा किचकट आहे. पण पगारातून औषधाला जाणारा पैसा आणि घरातल्या लेकराचा जीव या दोन्हींशी त्याची गाठ आहे, म्हणून तो टाळता येत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातले, गुहागर तालुक्यातले वेळणेश्वर हे समुद्रकाठचे गाव. नारळी-पोफळी, शंकराचे जुने देऊळ, लांबच लांब पुळण. सुट्ट्यांत पर्यटकांच्या गाड्या येतात. इथल्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस मात्र मुंबई, ठाणे, नवी मुंबईकडे नोकरीला आहे. आम्ही गेलो तेव्हा वाडीतल्या एका वयस्कर मावशींनी प्लॅस्टिकची एक पिशवी आमच्यापुढे ठेवली. आत नातवाचे कागद. दीड वर्षात तीन वेळा ताप, दोन वेळा गावी आणि एकदा नवी मुंबईला बापाकडे असताना. तिन्ही कागदांवर "विडाल पॉझिटिव्ह". औषध मात्र प्रत्येक वेळी निराळे. एकदा सेफिक्झीम, एकदा ओफ्लॉक्सासिन, तिसऱ्या वेळी सात दिवस इंजेक्शने. मावशी म्हणाल्या, "तुम्ही लिहिणारी माणसं, सांगा बघू. एकाच पोराला तीनतीनदा टायफॉइड कसा व्हतो?"

प्रश्न बिनतोड होता. त्या पिशवीत एकही कागद असा नव्हता की ज्यावर जंतूचे नाव लिहिले आहे.

आधी विडाल म्हणजे काय ते पाहू. फर्नां विडाल या फ्रेंच डॉक्टरने १८९६ साली ही तपासणी काढली. ती जंतूला पाहत नाही. जंतूशी लढण्यासाठी शरीराने जी प्रतिद्रव्ये तयार केली, त्यांचा माग ती काढते. कुत्रा भुंकला म्हणून चोर आला असे धरावे, तसा हा प्रकार. कुत्रा भुंकतो हे खरे, पण तो मांजराला पाहूनही भुंकतो आणि काल येऊन गेलेल्या चोरासाठी आजही भुंकतो. पूर्वी होऊन गेलेला टायफॉइड, घेतलेली लस, कधीकधी दुसराच एखादा ताप, यांनीही विडाल पॉझिटिव्ह येते. कोकणातल्या पावसाळ्यात तर तापाची गर्दीच असते. भाताच्या चिखलातून लेप्टो, डासांमुळे मलेरिया आणि डेंग्यू, रानगवतातल्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफस. यांतल्या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. लेप्टोच्या माणसाला टायफॉइडचा शिक्का मारून चार दिवस घरी ठेवले तर त्याची किडनी जाऊ शकते. म्हणून विडालच्या एका कागदावर विसंबणे धोक्याचे.

जंतूला प्रत्यक्ष पाहण्याची रीत म्हणजे कल्चर. रक्त काढून पौष्टिक द्रव असलेल्या बाटलीत घालतात आणि बाटली अंगाच्या उबेइतक्या उष्णतेत ठेवतात. रक्तात जंतू असतील तर ते तिथे वाढीला लागतात. याला एक दिवस लागतो, कधी पाचसहा दिवसही. मग ते जंतू एका चपट्या बशीतल्या घट्ट खळीवर पसरतात. ही खळ अगरची, म्हणजे बाजारात आपण जिला चायना ग्रास म्हणतो तिची. समुद्रातल्या शेवाळापासून ती करतात. जर्मनीतल्या रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत १८८१ साली ही युक्ती सुचवली ती फॅनी हेसे या बाईंनी. त्यांचे पती तिथे काम करीत. जिलेटिनची खळ उन्हाळ्यात पातळ होते म्हणून ते त्रासले होते. फॅनीबाई घरी जेलीत अगर वापरीत. ती उन्हात वितळत नाही हे त्यांना माहीत होते. स्वयंपाकघरातल्या त्या माहितीवर जगभरच्या प्रयोगशाळा आजही चालल्या आहेत. आमच्या भगिनींनी हे जरूर ध्यानात ठेवावे.

त्या खळीवर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या बारीक टिकल्या ठेवतात. रात्रभरात जंतू सगळीकडे पसरतो. ज्या टिकलीच्या भोवती त्याला वाढता आले नाही तिथे स्वच्छ गोल राहतो. तो गोल मिलिमीटरमध्ये मोजतात. गोल पुरेसा मोठा असेल तर औषध लागू आहे. जंतू टिकलीला येऊन भिडला असेल तर औषध निकामी. कल्चरच्या कागदावर औषधांच्या नावांपुढे एस किंवा आर अशी इंग्रजी अक्षरे असतात. एस म्हणजे लागू, आर म्हणजे जंतू दाद देत नाही. काही ठिकाणी आय असते, म्हणजे मधले. एवढी तीन अक्षरे वाचता आली तरी तो कागद आपल्या कामाचा होतो.

कल्चरलाही मर्यादा आहेत. रक्त भरपूर लागते, मोठ्या माणसाचे आठ-दहा मिली. एवढे करूनही खऱ्या टायफॉइडचे बरेच रुग्ण निसटतात, अगदी निम्म्याच्या आसपास निसटू शकतात. आणि सर्वांत मोठी अट अशी की रक्त अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी काढले पाहिजे. गोळी गेली की रक्तातले जंतू दबतात, बाटलीत उगवत नाहीत. आपल्याकडे नेमके उलटे घडते. ताप आला की आधी मेडिकलमधून गोळी, मग डॉक्टर, मग दुसरी गोळी, आणि आठव्या दिवशी तपासणी.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? औषध दिले, माणूस बरा झाला, संपले. त्यासाठी टायफॉइडच्या औषधांचा इतिहास थोडा पाहावा लागेल.

औषध नव्हते त्या काळी टायफॉइडच्या दहा रुग्णांतला एखाददुसरा दगावत असे. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल टायफॉइडवर वापरात आले आणि चित्र पालटले. स्वस्त औषध, खात्रीचा गुण. जवळपास पंचवीस वर्षे त्याने काम केले. १९७२ साली केरळात कोळिकोडला टायफॉइडची साथ आली आणि तिथला जंतू क्लोरॅम्फेनिकॉलला दाद देईना. त्याच वर्षी मेक्सिकोतही तसेच घडले. पुढे १९८०चे दशक संपता संपता क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन आणि कोट्रायमोक्साझोल या तिन्ही औषधांना एकदमच न जुमानणारा जंतू देशभर पसरला. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आले. तेव्हा "सिप्रो"चे केवढे कौतुक होते ते जुन्या वाचकांना आठवत असेल! पण तीही गोळी सर्दीला, जुलाबाला, कशालाही दिली गेली आणि नव्वदच्या दशकातच तिची धार जाऊ लागली. आज आपल्या देशात टायफॉइडच्या जंतूवर सिप्रो जवळजवळ चालतच नाही. आता भिस्त आहे ती सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, सेफिक्झीम आणि ॲझिथ्रोमायसिन यांच्यावर.

आणि तिथेही तडा गेला आहे. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात हैदराबाद भागात २०१६ साली सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही न जुमानणाऱ्या टायफॉइडची साथ सुरू झाली. तोंडाने घेण्याचे ॲझिथ्रोमायसिन तेवढे उरले. नाहीतर मग शिरेतून द्यायची महाग औषधे, जी आपल्यासारख्या घरांना परवडणारी नाहीत. मुंबईतल्या काही रुग्णांत आणि २०२३च्या सुमारास गुजरातेतही सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला दाद न देणारा जंतू सापडला आहे. म्हणजे संकट दाराशी आहे.

याच इतिहासात एक विलक्षण गोष्ट दडली आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१३ पासून देशातल्या मोठ्या रुग्णालयांतून जंतूंची माहिती गोळा करणारे जाळे उभारले आहे. त्यांचे अहवाल सांगतात की टायफॉइडचे जंतू आता क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन, कोट्रायमोक्साझोल या जुन्या औषधांना शंभरातले नव्वदाहून अधिक वेळा पुन्हा दाद देऊ लागले आहेत! ही औषधे वापरातून मागे पडली आणि त्यांच्याविरुद्ध हत्यार बाळगणारे जंतूही मागे पडले. हत्यार वाहण्याचेही ओझे असते. कोणी हे वाचून दुकानातून क्लोरॅम्फेनिकॉल आणू नये. क्वचित का होईना, ते औषध हाडातल्या रक्त तयार करणाऱ्या मगजावर घाला घालते. ते डॉक्टरांनीच ठरवायचे. पण जुने औषध परत लागू पडते हे कळले कसे? हजारो बाटल्या, हजारो बश्या आणि प्रत्येक बशीवरचा गोल मोजून कोणीतरी वहीत मांडला म्हणून कळले. एकट्या दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला हे कधीच दिसले नसते.

हिमाचल प्रदेशातल्या कसौलीला केंद्रीय संशोधन संस्थेत साल्मोनेलाचे राष्ट्रीय केंद्र आहे. देशभरातून आलेला जंतू नेमका कोणत्या घराण्यातला, हे तिथे ओळखतात. अशी व्यवस्था आपल्या देशात नाही असे नाही. अडचण ही की या वहीत नोंद होते ती मुख्यतः मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांची. जिथे कल्चर होते तिथलाच जंतू मोजला जातो. वेळणेश्वरच्या पोराचा जंतू कोणत्याच वहीत नाही. मग त्याला कोणते औषध द्यायचे ते ठरते मुंबई-दिल्लीच्या जंतूवरून, किंवा औषध कंपनीचा माणूस काय सांगून गेला त्यावरून.

खेड्यातला जंतू शहरातल्यासारखाच असेल असे धरून चालता येत नाही, याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच मिळाला. २०१७ ते २०२० या काळात देशात चार ठिकाणी चोवीस हजारांवर मुलांवर दोन-दोन वर्षे लक्ष ठेवण्यात आले. दिल्ली, कोलकाता, वेल्लोर ही तीन शहरे आणि चौथे पुणे जिल्ह्यातले वढू. वढूचे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने पाहिले. दर आठवड्याला घरी चौकशी, आणि ताप तीन दिवस टिकला की रक्ताचे कल्चर. तीन शहरांत वर्षाला एक लाख मुलांमागे ५७६ ते ११७३ टायफॉइडचे रुग्ण सापडले. वढूच्या ग्रामीण भागात किती? फक्त ३५. एवढा फरक! वढूचा आकडा कोकणाला जसाच्या तसा लावता येणार नाही हे आम्ही जाणतो. कोकणचे पाणी वेगळे, वाडीची रचना वेगळी, आणि मुंबईची ये-जा तर रोजची. पण गावातल्या प्रत्येक लांबलेल्या तापाला टायफॉइड म्हणणाऱ्यांनी या आकड्यापाशी जरा थांबावे.

दुसरा दाखला नवी मुंबईचा, आणि तो गुहागरच्या घरांना जवळचा. कारण गावाकडची अनेक कुटुंबे तिथेच राहतात आणि शिमग्याला, मे महिन्यात, जयंतीला एसटीने गावी येतात. जंतूला वेगळे तिकीट लागत नाही. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या सुमारे १ लाख १३ हजार मुलांना टायफॉइडची नवी लस टोचली. सरकारी पातळीवर ही लस एवढ्या मोठ्या प्रमाणात देण्याची ही जगातली पहिलीच मोहीम. पहिल्या फेरीत शहराच्या एका भागाला लस दिली, दुसरा भाग पुढच्या फेरीसाठी ठेवला, आणि रुग्णालयांत तापाच्या मुलांचे कल्चर करून दोन्हीकडचे रुग्ण मोजले. हिशेब निघाला की लस घेतलेल्या मुलांत टायफॉइड ऐंशी टक्क्यांहून अधिक टळला. ही लस हैदराबादच्या कंपनीत बनलेली. तीच लस पाकिस्तानातल्या सिंधच्या हैदराबादकडेही गेली. दोन्ही देश एरवी एकमेकांशी कसे वागतात ते आपण जाणतोच. ज्यांची मुले शहरात वाढत आहेत त्यांनी या लशीची चौकशी आपल्या डॉक्टरांकडे करावी.

टायफॉइड सोडून अन्नातून येणारे दुसरे जंतूही आहेत, आणि वाडीतल्या कार्यक्रमात त्यांच्याशीच गाठ पडते. मोठे जेवण झाले, दोनशे पाने उठली, आणि रात्री दहाजणांना उलट्या. अशा वेळी पहिला प्रश्न असावा, "जेवल्यानंतर किती तासांनी?" एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा ते जंतूने आधीच अन्नात सोडलेले विष. वाढप्याच्या बोटावरचे पिकलेले गळू, किंवा सकाळचा भात उघडा ठेवून संध्याकाळी वाढलेला. हे विष पुन्हा उकळूनही सहसा जात नाही, आणि त्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. अर्ध्या दिवसाने किंवा दुसऱ्या दिवशी ताप, पोटात मुरडा आणि जुलाब आले तर अंडी, कोंबडी यांतला साल्मोनेला. समुद्रकाठी आणखी एक मंडळी आहे, व्हिब्रिओ. १९५०च्या सुमारास जपानात लहान मासळीतून विषबाधा होऊन वीस माणसे दगावली, तेव्हा त्यातला एक जंतू सापडला. खाऱ्या उबदार पाण्यात तो राहतो, तिसऱ्या-कालवांत साठतो. नीट शिजवले की मरतो. पण मासळी कापलेल्या विळीवरच कांदा-काकडी चिरली तर शिजवण्याचा काय उपयोग?

विषबाधा झाली की आपल्याकडे दोन गोष्टी तातडीने होतात. उरलेले अन्न फेकून भांडी घासली जातात, आणि स्वयंपाक करणाऱ्या बायांवर खापर फुटते. मग वाडीचे नाव जाईल म्हणून प्रकरण दाबले जाते. आम्हाला हे दाबणेच जास्त घातक वाटते. थोडे थोडे अन्न स्वच्छ डब्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि आरोग्यसेविकेला लगेच कळवावे. जेवलेल्या सर्वांची यादी करावी, आजारी पडलेल्यांची आणि न पडलेल्यांचीही. या दुसऱ्या यादीवाचून काही सिद्ध होत नाही. समजा, खीर खाल्लेल्या ८० जणांपैकी ६० आजारी पडले आणि न खाल्लेल्या ४० पैकी ३. बोट खिरीकडे जाते. पण भात सगळ्यांनीच खाल्ला असेल तर भाताविषयी काहीच सांगता येत नाही. आठवीतल्या मुलाला जमेल असे हे गणित आहे, आणि त्याने एखाद्या निरपराध बाईवरचा आळ टळतो.

आरोग्यसेविकेला कळवल्यावर पुढे काय होते? एकात्मिक रोग सर्वेक्षण हा कार्यक्रम देशात २००४ साली सुरू झाला. त्यात तीन प्रकारचे फॉर्म असतात. आरोग्यसेविका लक्षणे लिहिते, म्हणजे इतक्यांना जुलाब, इतक्यांना ताप. डॉक्टर आपला अंदाज लिहितात. तिसरा फॉर्म प्रयोगशाळेचा, तिथे जंतू पक्का होतो. २०२१ पासून हे सारे संगणकावर भरले जाते. पहिले दोन फॉर्म खेडोपाडी भरतात. तिसरा भरायला नमुना लागतो आणि नमुना प्रयोगशाळेत पोचावा लागतो. वेळणेश्वरहून चिपळूण गाठायचे तर घाटवळणाचा लांबचा रस्ता, रत्नागिरी गाठायची तर तवसाळहून फेरीबोटीने जयगड आणि पुढे. रत्नागिरीला २०२३ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही मोठी सोय झाली. पण बाटली तिथवर नेणार कोण, हा प्रश्न उरतोच. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यापुढे आपल्या वाडीच्या मंडळाने, मुंबईच्या शाखेनेही, लेखी अर्ज द्यावा की साथीच्या वेळी नमुने वेळेत पोचवण्याची व्यवस्था आहे का, आणि नसल्यास करावी. कार्यकर्त्यांसाठी एक बारीक सूचना. रक्ताच्या कल्चरची बाटली बर्फात ठेवायची नसते, ती साध्या हवेत न्यावी. शौचाच्या नमुन्यासाठी कॅरी-ब्लेअर नावाची खास नळी मिळते, ती केंद्रातून मागावी.

कोंबडीविषयी सांगायचे राहिले. बॉयलर कोंबडी लवकर वाढावी, आजारी पडू नये म्हणून खाद्यातून अँटिबायोटिक देण्याची चाल जगभर होती, अजूनही पुरती गेलेली नाही. तिच्या पोटातले जंतू त्या औषधाला सरावतात. आणि जंतूंची एक खोड अशी की औषध हाणून पाडण्याची कला ते एकमेकांना देतात, अगदी परक्या जातीच्या जंतूलाही. जपानी शास्त्रज्ञांनी १९५९ साली हे दाखवून दिले. रक्ती आवेच्या जंतूला ही कला आपल्या आतड्यातल्या साध्या, निरुपद्रवी जंतूकडून मिळत होती. म्हणूनच डेन्मार्कने १९९५ पासून जनावर, मांस आणि माणूस या तिघांतले जंतू एकाच वहीत मोजायला सुरुवात केली. आपल्या सरकारने २०१९ साली कोलिस्टिन हे औषध कोंबड्या-जनावरांना देण्यावर बंदी घातली, कारण दवाखान्यात शेवटचा उपाय म्हणून तेच राखून ठेवलेले असते. मासळी आणि जनावरांतले जंतू मोजणारे 'इन्फार' नावाचे जाळेही भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने उभे केले आहे. पण आमच्या मनात एक सल आहेच. २००२च्या सुमारास युरोपात गेलेल्या आपल्या कोळंबीत बंदी असलेल्या औषधांचे अंश सापडले, माल अडला, आणि निर्यातीच्या कोळंबीची तपासणी कडक झाली. परदेशातल्या ताटाची काळजी जितक्या तत्परतेने घेतली तितकी गुहागरच्या बाजारातल्या कोंबडीची कोण घेतो?

आता घरात करायच्या गोष्टी. साध्या जुलाबाला अँटिबायोटिक लागत नाही, पाणी आणि मीठ लागते. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या हजारो रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी पाजून वाचवले, सलाईन संपले होते तेव्हा! केंद्रात ओआरएसची पुडी फुकट मिळते. नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त नको. मुलांना सोबत झिंकच्या गोळ्या, चौदा दिवस. अंगावरचे दूध बंद करू नये. दुकानदार जुलाबाला ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोल एकत्र असलेली गोळी पुढे करतो, ती आपणहून घेऊ नये. सेफिक्झीमसारखी औषधे तर २०१४ पासून अशा यादीत आहेत की दुकानदाराने चिठ्ठी पाहून रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत लिहिले पाहिजे. लिहितात का, ते वाचकांनीच पाहावे. शौचात रक्त, तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, लघवी बंद, मूल सुस्त, किंवा जोराचा ताप असेल तर मात्र घरगुती उपाय सोडून तडक दवाखाना.

ताप तीन दिवसांवर गेला की डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, "गोळी सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर करून घ्यायचे का?" चांगले डॉक्टर रागावत नाहीत. रुग्ण गंभीर असेल तर ते कल्चरचे रक्त घेऊन लगेच औषध सुरू करतील, निकालाची वाट पाहत बसणार नाहीत, आणि तेच योग्य आहे. खाजगीत कल्चरला एकदोन दिवसांची मजुरी जाते हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच सरकारी रुग्णालयात ते होते का याची चौकशी आधी करावी. मावशींच्या नातवासारखा ताप वर्षात दुसऱ्यांदा आला तर पैसे वाचवण्याची ती जागा नव्हे. जुने कागद फेकू नयेत. गावचे आणि मुंबईचे एकाच पिशवीत असावेत, आणि ती पिशवी प्रत्येक डॉक्टरपुढे ठेवावी. मावशी हे आधीपासूनच करीत होत्या, कोणी न सांगता.

पाण्याविषयी आज लिहिता आले नाही. आपल्या ग्रामपंचायतीला पाण्याच्या तपासणीनंतर लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले आहे ते तोवर विचारून ठेवावे. विहिरीत टीसीएल पावडर किती व कशी टाकावी आणि ओटी टेस्टचा पिवळा रंग कसा ओळखावा, ते पुढील अंकी.